नावे अनेक, सही एक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्यासमोर दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो. मी विद्वान नाही, संगणकशास्त्राचा तर नाहीच नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन कापडाच्या पेढीवर बसलेला मी एक व्यापारी. संयोजकांनी विषय दिला तो ‘इंटरनेटवरील अनेक ओळखी आणि टोपणनावे’ हा. प्रथम वाटले, हा विषय माझ्या नातवंडांचा. परंतु विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले की, इंटरनेटवर ज्याला ‘अकाउंट’ म्हणतात त्याला मराठीत आपण ‘खाते’ म्हणतो, आणि खाते ही वस्तू तर आपण पिढ्यान्‌पिढ्या हाताळत आलो आहोत. तेव्हा व्यापाऱ्याच्या नजरेतून या विषयाकडे पाहावे, असे ठरवून आपल्यासमोर उभा आहे.

हा विषय आजच घेण्याला निमित्त आहे. समाजाच्या मोबाइल-समूहांवर खोट्या नावाने कुचेष्टा करणारे संदेश येतात, मुलींची छायाचित्रे उचलून बनावट खाती उघडली जातात, वडीलधाऱ्यांना ओळखीच्या नावाने फसविले जाते. त्यामुळे ‘टोपणनाव म्हणजेच लबाडी, मुलांना एकच खाते आणि तेही खऱ्या नावाचेच ठेवू द्यावे’ असा एक सूर आपल्यात उमटू लागला आहे. त्यामागची कळकळ मला मान्य आहे. निष्कर्ष मात्र मान्य नाही. तो का नाही, हेच मला आज नम्रपणे मांडावयाचे आहे.

एका माणसाला अनेक नावे असणे यात नवे असे काहीच नाही. भगवान महावीरांना परंपरेने वर्धमान, वीर, अतिवीर, सन्मती आणि महावीर अशा पाच नावांनी ओळखले. आपल्या घरात पाहा. पत्रिकेतील जन्मनाव निराळे, पाळण्यातील निराळे, घरात हाक मारण्याचे निराळे. आपल्या कित्येक भगिनींचे तर लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदलले. माहेरची एक ओळख आणि सासरची दुसरी, अशा दोन ओळखी त्यांनी आयुष्यभर सांभाळल्या. दुकानाच्या फलकावर आजोबांचे नाव असते, गल्ल्यावर नातू बसलेला असतो, आणि गिऱ्हाईक नातवालाही आजोबांच्याच नावाने ओळखते. यात कुणी कुणाला फसवीत नाही.

वाणिज्य शाखेच्या पहिल्याच वर्षी शिकविले जाते की, व्यवसाय आणि मालक यांना हिशेबात वेगळे धरावे. मालकाने दुकानात पैसे घातले तर ते भांडवल खात्यात जमा, घरखर्चासाठी काढले तर उचल खात्यावर नावे. घरखर्च, दुकान आणि धर्मादाय यांची खाती स्वतंत्र. एका माणसाची दहा खाती असतात म्हणून त्याला कुणी लबाड म्हणत नाही. उलट जो सारे पैसे एकाच गल्ल्यात कोंबतो, त्याच्या हिशेबाला आपण गबाळा म्हणतो. मात्र वर्षअखेरीस ही सगळी खाती एकाच ताळेबंदात येऊन मिळाली पाहिजेत, आणि त्या ताळेबंदाखाली एका माणसाची सही पाहिजे. खाती अनेक, सही एक. माझे आजचे सारे म्हणणे या चार शब्दांत सामावलेले आहे.

आता आपल्या मराठी साहित्याकडे वळू. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोद ‘बाळकराम’ या नावाने. १९१९ साली ऐन उमेदीत ते गेले. पण तिन्ही नावे आजही जिवंत आहेत. वि. वा. शिरवाडकर नाटककार म्हणून शिरवाडकरच राहिले आणि कवी म्हणून ‘कुसुमाग्रज’ झाले. आपल्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, नावावरून त्यांनी हे नाव घेतले होते. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेपुरते ‘आरती प्रभू’ झाले. जयवंत दळवी यांनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन भल्याभल्या साहित्यिकांना हसत हसत चिमटे काढले. आजच्या तरुणांच्या भाषेत बोलायचे तर या सर्वांची एकाहून अधिक ‘प्रोफाइल’ होती. गंभीर नाटक पाहावयास आलेल्या प्रेक्षकाने बाळकरामाची अपेक्षा धरू नये, इतकाच त्यातील सरळ हिशेब. हे ज्याचे त्याचे स्वतंत्र खाते होते.

पण टोपणनावाचा याहून मोठा उपयोग आहे, तो धैर्याचा. गोपाळ हरि देशमुख यांनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहिली, ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. लेखक सरकारी नोकरीत होते आणि स्वतःच्याच समाजातील दोषांवर त्यांनी कठोर प्रहार केले होते. पुढे १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात इतक्या स्पष्टपणे आली होती की, महाराष्ट्रात वादळ उठले. या विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे. हे पुस्तक त्यांनी उघड नावाने काढावे असा हट्ट त्या काळी कुणी धरला असता, तर कदाचित ते निघालेच नसते आणि मराठी वाचक एका मोठ्या सत्याला मुकला असता. नाव झाकले, म्हणूनच सत्य उघड झाले. हे उदाहरण मुलांना खऱ्या नावाची सक्ती करण्यापूर्वी प्रत्येक पालकाने आठवावे.

येथे कुणी विचारील, ‘मग आजच्या खोट्या नावांत आणि त्या थोर नावांत फरक तो काय?’ प्रश्न रास्त आहे. माझ्या मते फरक जामिनाचा आहे. त्या काळी टोपणनावाने लिहिणाऱ्याचे खरे नाव व पत्ता संपादकाला ठाऊक असे. वाचकाला नाव माहीत नसले तरी संपादक मध्ये जामीन म्हणून उभा असे. मजकूर अब्रूनुकसानीचा ठरला तर न्यायालयात त्याला जावे लागे. म्हणून छापण्यापूर्वी तो दहादा विचार करी. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, पुढे ते मोबाइलमधून प्रत्येकाच्या हातात आले आणि मधला हा जामीनदार नाहीसा झाला. आज लिहिणारा आणि वाचणारा यांच्यामध्ये कुणीच नाही. अशा वेळी टोपणनाव घेणाऱ्याने स्वतःच स्वतःला जामीन राहावयाचे असते. उद्या हे नाव उघडे पडले, तर यातील प्रत्येक वाक्याखाली मी सही करीन काय, हा प्रश्न लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावा. उत्तर ‘होय’ असेल तर ते टोपणनाव. ‘नाही’ असेल तर तो बुरखा.

व्यवहारात यांचे तीन वर्ग मला दिसतात. पहिले टोपणनाव, त्याला धनी असतो, फक्त तो पडद्याआड असतो. दुसरे बेनामी, त्याचा धनी जबाबदारी टाळण्यासाठीच दडलेला असतो. मालमत्तेच्या बाबतीत बेनामी व्यवहारांना १९८८ च्या कायद्याने मनाई केली आणि २०१६ च्या दुरुस्तीने तो कायदा अधिक कडक झाला. शब्दांच्या बेनामी व्यवहाराला आपणच मनाई केली पाहिजे. तिसरा आणि सर्वांत वाईट वर्ग तोतयाचा. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, हे आपण इतिहासात वाचले आहे. कित्येक जण त्याला फसले, त्याच्यामागे सैन्य जमले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. तोतया नवे नाव घेत नाही, तो दुसऱ्याचे नाव चोरतो. त्या नावामागे उभी असलेली माणसांची आशा आणि विश्वासही चोरतो.

तोतयाचा अनुभव आमच्या पेढीलाही आला. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी आमच्या दुकानाच्या फलकाचे छायाचित्र लावून समाजमाध्यमावर खाते उघडले, निम्म्या किमतीत साड्या जाहीर केल्या आणि आगाऊ रकमा घेतल्या. चार भगिनी पावतीचे चित्र मोबाइलवर घेऊन दुकानात आल्या. पैसे आमच्याकडे आले नव्हते, कायद्याने आमची काही जबाबदारीही नव्हती. धाकट्या बंधूंचे मत पडले की, हात वर करावेत. मुलगा म्हणाला, ‘बाबा, त्यांनी पैसे त्या खात्याला नाही दिले, आपल्या नावाला दिले.’ मला त्याचे म्हणणे पटले. आम्ही त्या भगिनींना साड्या खरेदीच्या भावात दिल्या, त्यांच्याबरोबर जाऊन पोलिसांत तक्रार नोंदविली आणि दुकानाच्या दारावर सूचना लावली. पत ही काय वस्तू आहे, हे त्या दिवशी माझ्या मुलाने मला सांगितले याचा आनंद आहे.

कायदाही हाच भेद करतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मध्ये झालेली दुरुस्ती ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ६६-सी दुसऱ्याचा पासवर्ड वा इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी अप्रामाणिकपणे वापरण्याबद्दल आणि कलम ६६-डी संगणक वा मोबाइलद्वारे तोतयेगिरी करून फसविण्याबद्दल आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. टोपणनाव घेणे हा मात्र तेथे गुन्हा नाही. गुन्हा आहे तो फसवणुकीचा. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, तोही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

बंधू-भगिनींनो, कायद्याने हे अलीकडे सांगितले. आपल्या शास्त्राने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. यांतील कूटलेखक्रिया म्हणजे बनावट लेख तयार करणे. आजचे खोटे खाते, खोटी पावती, दुसऱ्याच्या नावाने धाडलेला संदेश, हे सर्व कूटलेखच होत. पण याच यादीतील इतर दोन नावे पाहा. रहोभ्याख्यान म्हणजे एकांतात घडलेली गोष्ट चव्हाट्यावर आणणे. साकारमंत्रभेद म्हणजे हावभावावरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून ते फोडणे. म्हणजे खोटे लिहिणे हा जसा सत्यव्रताचा दोष, तसाच दुसऱ्याचे गुपित फोडणे हाही सत्यव्रताचाच दोष. सत्य बोलणे आणि सर्व काही उघड करणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आचार्यांनी आपल्याला दिलेला आहे.

आपल्या व्यापारातही हा विवेक होताच. ताग्याला लावलेल्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव सांकेतिक अक्षरांत लिहीत. तो दुकानातल्या माणसांना कळे, गिऱ्हाइकाला कळत नसे. यात गुप्तता होती, लबाडी नव्हती. लबाडी तेव्हा, जेव्हा ताग्याच्या किनारीवर दुसऱ्याच गिरणीचे नाव छापले जाई.

आपल्याच समाजातील एक भगिनी आपल्या दीर्घ आजाराविषयी टोपणनावाने लिहिते. उपचार, थकवा, घरच्यांना सांगता न येणारी भीती, सारे ती लिहिते. तशाच आजाराच्या अनेक स्त्रिया तिला उत्तरे लिहितात आणि परस्परांना धीर देतात. तिच्या नात्यातील एका गृहस्थांना ते लेखन ओळखू आले आणि त्यांनी ते कुटुंबाच्या समूहावर टाकण्याचे ठरविले. हेतू वाईट नव्हता. कौतुकच करावयाचे होते. वेळीच कुणीतरी त्यांना थांबविले. ती भगिनी कोण, हे आपण मला विचारू नका. ते सांगितले, तर आज मी जे बोललो ते सारे मीच खोटे पाडले असे होईल. एवढेच म्हणतो की, कुणाचे टोपणनाव आपल्याला कळले, तर ती आपल्याकडे आलेली ठेव समजावी. ठेव वापरावयाची नसते, सांभाळावयाची असते.

आता थोडे व्यवहाराचे. ओळखी अनेक असोत, पण त्या नीट सांभाळाव्या कशा? मी माझ्या नातवंडांकडून शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, तीन खाती वेगळी ठेवावीत. बँक, आयकर, विमा यांसाठी एक ई-मेल पत्ता, तो खऱ्या नावाचा आणि कुठेही न मिरवलेला. नातेवाईक व समाज यांच्यासाठी दुसरा. आणि लेखन, छंद, चर्चा यांच्यासाठी तिसरा. टोपणनाव घ्यावयाचे तर ते येथे. एका खात्याचा पासवर्ड दुसऱ्याला वापरू नये. एकच किल्ली तिजोरीला आणि फाटकाला कुणी लावीत नाही. जेथे जेथे दुहेरी पडताळणीची सोय आहे तेथे ती सुरू करावी.

दुसरी गोष्ट, टोपणनाव हे पूर्ण कवच नव्हे, हे मुलांना सांगावे. तोच मोबाइल क्रमांक, तेच छायाचित्र दोन खात्यांवर दिले की धागा जुळतो. लिहिण्याची ढबही माणसाला उघडे पाडते. जगप्रसिद्ध लेखिका जे. के. रोलिंग यांनी २०१३ साली ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावाने कादंबरी काढली. काही महिन्यांतच एका वृत्तपत्राने, संगणकाद्वारे केलेल्या भाषेच्या तुलनेचीही मदत घेऊन, त्या नावामागची लेखिका शोधून काढली. जिथे इतक्या मोठ्या लेखिकेचे नाव झाकले राहिले नाही, तिथे आपल्या मुलांचे राहीलच असे नाही. म्हणून जे उघड झाल्यास मान खाली जाईल, ते कोणत्याच नावाने लिहू नये.

तिसरी गोष्ट, आपल्या नावावर दुसऱ्याला सिमकार्ड घेऊ देऊ नये आणि दुसऱ्याच्या नावावरचे आपण वापरू नये. आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर तेथेच कळविता येतो. पैशाची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. जितकी त्वरा, तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

चौथी गोष्ट माझ्या वयाच्या श्रोत्यांसाठी. आपण मृत्युपत्रात दुकान, घर, दागिने लिहितो. आपली इंटरनेटवरची खाती लिहीत नाही. मागे राहिलेले उघडे खाते म्हणजे तोतयाला आयते मिळालेले घर. गूगलने २०१३ पासून, खाते ठरावीक काळ निष्क्रिय राहिल्यास ते कुणाकडे सोपवावे हे आधीच नेमून ठेवण्याची सोय दिली आहे. फेसबुकवरही असा वारस नेमता येतो. एका सायंकाळी मुला-नातवंडांना जवळ बसवून ही नेमणूक करून टाकावी.

आणि शेवटची गोष्ट आपल्या सर्वांसाठी. हिशेबात ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती आपण उचंत खात्यावर ठेवतो. खुलासा झाल्यावाचून ती कुणाच्या नावे टाकीत नाही. निनावी संदेशांचेही तसेच करावे. एखाद्या कुटुंबाविषयी, एखाद्या मुलीविषयी, या संस्थेच्या कारभाराविषयीही निनावी मजकूर आला, तर तो उचंत खात्यावर ठेवावा. पुढे पाठवू नये. पुढे पाठविणाऱ्याच्या नावाला आपला समाज ओळखतो, म्हणून तो त्या निनावी मजकुराचा जामीन ठरतो. ज्याने लिहिले त्याने सही केली नाही, पण पुढे पाठविताना आपण ती करून देतो. आणि तक्रार खरी असेल, तर ती मांडणाऱ्याचे नाव गुप्त राहील अशी एखादी बंद पेटी वा विश्वासू व्यक्ती संस्थेने नेमावी, ही माझी विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे. भीतीपोटी बुरखा घेणाऱ्याला जामीनदार मिळाला, तर त्याला बुरख्याची गरज उरणार नाही.

तरुण मित्रांनो, दोन नावे घ्या, चार घ्या. कविता एका नावाने लिहा, शंका दुसऱ्या नावाने विचारा. त्यावर बंदी घालावी अशी वेळ आमच्यावर आणू नका, आणि आम्ही वडीलधाऱ्यांनीही ती घालण्याची घाई करू नये. पण प्रत्येक नावाचा हिशेब रोजच्या रोज लिहा, आणि रात्री झोपण्यापूर्वी ती सारी खाती एका ताळेबंदात मिळवून पाहा. तो ताळेबंद तपासण्यासाठी बाहेरचा कोणी हिशेबतपासनीस लागत नाही. सामायिकाला बसलेल्या माणसाला तो आपोआप दिसतो.

 बोलण्यात कुणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. संस्थेच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा देऊन माझे दोन शब्द पुरे करतो.

जय जिनेंद्र.